अक्कांच्या जागेवर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही.

बंगळुराजवळ बोम्मसंद्र्याला लस बनवणाऱ्या एका कंपनीत मी शीतगृहावर देखरेख करते, म्हणजे दिवसभर पडद्यावर तापमान बघत बसायचं. शेजारी रेखाअक्का बसायच्या. त्यांचं मराठी घर तीन पिढ्या बंगळुरातच. मी पुण्याहून नवी आले तेव्हा मारतहळ्ळीत मला खोली शोधून दिली ती त्यांनीच. मी रडकुंडीला आले की म्हणायच्या, "स्वल्प धीर धर गं."

त्या दुपारी अक्का जेवायला गेल्या होत्या. माझा कॉम्प्युटर अपडेट होत बसलेला, त्यांचा उघडाच. म्हटलं, तेवढ्यात त्यावरच आपली मेल बघून घेऊ. असं करायचं नसतं — माहीत होतं. एक मेल आली होती: 'बेबी, मंडळाच्या गणपतीचे फोटो.' बेबी हे माझं घरातलं नाव. इथे कुणाला ते माहीत असायचं कारणच नाही. मग पाठवणाऱ्याला कसं? हा प्रश्न मला तेव्हाच पडायला नको होता?

मी फाईल उघडली. फोटो एकच. कार्यक्रम संपल्यानंतरचा हॉल, नुसत्या रिकाम्या खुर्च्या. बंद केली, विसरून गेले.

पुढच्या आठवड्यात शीतगृहाचं दार उघडलं आणि आतून कोमट हवा अंगावर आली. पडद्यावर मात्र चार अंश. आम्ही सगळे दाराशी उभे, आतून ती ऊब येतेय — आणि आकडा हलत नाही. कधीपासून खोटं दाखवत होता तो? मुद्दाम आमच्या यंत्रणेसाठी बनवलेला व्हायरस होता म्हणे. सगळा साठा नष्ट करावा लागला.

मेलमधून आलेल्या कुठल्याशा फाईलमधून तो शिरला होता, आणि माग निघाला तो अक्कांच्या कॉम्प्युटरपर्यंत. बढती मिळाली नाही म्हणून अक्का साहेबांशी भांडल्या होत्या. लोकांना कारण आयतंच मिळालं. माझ्या खात्यातली ती मेल मी त्याच संध्याकाळी पुसून टाकली.

अक्कांनी मला जिन्यात गाठलं. "अगं, मी जेवायला गेले तेव्हा तू होतीस ना? माझ्या जागेवर कुणी बसलं होतं का?"

"नाही अक्का. कुणीच नाही."

हे — हेच सांगायचं होतं.

अक्कांना काढून टाकलं. पुन्हा त्यांना कुठे नोकरी मिळाली नाही. मला मात्र अजून फोन करतात. आधी म्हणायच्या, मी नाही गं केलं. मग म्हणू लागल्या, चुकून झालं असेल का माझ्याकडून? आणि गेल्या महिन्यात, अगदी शांत आवाजात — "मला आता आठवतंय. जेवून आले, हात ओलेच होते, मेल दिसली आणि मीच उघडली. लख्ख दिसतंय बघ."

मग त्या थांबल्या. मी काहीतरी बोलावं म्हणून थांबल्या.

मी म्हणाले, "असेल, अक्का."