पत्त्यांना आठवण नसते

धाकटीला राग पटकन यायचा नाही, पण आला की मुक्कामालाच यायचा. या खेपेचा राग तिला दुपारच्या सुट्टीत, डबा खाताना आला.

ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची. समोर गरगरणारं चाक, त्यावर पाण्याची बारीक धार, आणि बोटांच्या चिमटीत हळूहळू फ्रेमच्या मापाची होत जाणारी काच. त्या काचा फ्रेममध्ये बसवायचं काम शेजारच्या फिटरचं. हा गडी जेवताना मोबाइलवर पोकर हा पत्त्यांचा खेळ खेळायचा. पैसे लावायचा नाही, नुसत्या फुकटच्या चिप्स, म्हणजे खोटी नाणी. हरला तरी मजेत.

"हरून हसतोस काय रे?"

"डाव बरोबर खेळलो होतो, बाई. पत्ता नाही आला. त्याला मी काय करू?"

तिने डब्याचं झाकण आपटून लावलं. पत्ता न येणं म्हणजे काय, ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्यांच्या घरात भांडण मिटवायची एक रीत होती, वडिलांनीच घालून दिलेली. भांडी कुणी घासायची, खिडकीजवळ कुणी झोपायचं, सगळं पत्त्यांवर. तिघा भावंडांनी एकेक पत्ता उचलायचा, लहान पत्ता येईल त्याने निमूट मान डोलवायची. आई गेल्यावर बाबा एकटे राहीनात, तेव्हा थोरल्याने तीच रीत काढली. दर वर्षी पत्ते उचलायचे. लहान पत्ता ज्याचा, त्याच्याकडे वर्षभर बाबा. लागोपाठ चार वर्षं लहान पत्ता धाकटीलाच आला होता. चार वर्षं ती कामावरून धावत घरी जायची, बाबांना आंघोळ घालायची, औषधं द्यायची, आणि वर "तुझ्या हाताला काही चवच नाही" ऐकून घ्यायची. थोरला फोनवरून सल्ले द्यायचा. उंटावरून शेळ्या हाकायला त्याचं काय जात होतं? मधली म्हणायची, "तुझं नशीबच तसलं गं."

"मला शिकव," ती फिटरला म्हणाली.

त्याने शिकवलं. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच, तेही टप्प्याटप्प्याने उघडतात. समज, तुझे दोन आणि टेबलावरचे दोन मिळून चार बदाम झाले. पाचवा आला की एकाच रंगाचे पाच, डाव मजबूत. बदाम एकूण तेरा. चार दिसले, नऊ राहिले. हे नऊ तुझ्या कामाचे. टेबलावर दोन पत्ते उघडायचे बाकी असतील तर नवाला चाराने गुण, म्हणजे शंभरात साधारण छत्तीस वेळा जमेल. एकच बाकी असेल तर दोनाने गुण.

तिने मोबाइलवर खेळ उतरवून घेतला. पहिल्या आठवड्यात एकच पत्ता बाकी असतानाही ती चाराने गुणत राहिली आणि सपाटून हरली. मग ते सुधारलं. मग एका दुपारी पाचव्या बदामाने तिला ओळीने पाच डाव हुलकावणी दिली. सहाव्या डावात तिने दात-ओठ खात सगळ्या चिप्स पुढे लोटल्या. आला किलवर.

"आता तरी यायला नको होता का मेल्याने?" तिने मोबाइल टेबलावर आपटला.

फिटर पोट धरून हसला. "पाच वेळा नाही आला म्हणून सहाव्यांदा येईल? पत्त्यांना आठवण नसते, बाई. तू रडलीस काय नि हसलीस काय, त्यांचा प्रत्येक डाव पहिलाच."

त्या दुपारी काच घासता घासता तिने मनात हिशोब मांडला. तिघांत एकदा, त्यातून पुन्हा तिघांत एकदा, असं चार वेळा. एक्क्याऐंशीत एकदा! तळपायाची आग मस्तकात गेली. थोरल्याने नक्कीच पत्त्यांवर खुणा केल्या असणार. बाबा जिथे तिथे तो पत्त्यांचा कॅट जायचा, म्हणजे तिच्याच घरात होता. दुसऱ्या दिवशी तिने तो दुकानात आणला आणि काचांवरचे चरे तपासायच्या दिव्याखाली, भिंगातून, एकेक पत्ता उलटून पाहिला. ना ओरखडा, ना दुमडलेला कोपरा. सगळे पत्ते साधेसुधे, निर्दोष.

"एक्क्याऐंशीत एकदा म्हणजे कुणाला तरी येणारच की," फिटर म्हणाला.

चोर सापडला असता तर बरं झालं असतं. आता राग कुणावर काढायचा तेच कळेना, आणि म्हणून तो दुप्पट झाला.

रविवारी थोरला आणि मधली आली. बाबा आतल्या खोलीत पलंगावर होते, दार उघडंच. थोरल्याने पत्ते पिसले, टेबलावर पसरले. मधलीने दश्शी उचलली, थोरल्याने सत्ती. धाकटीचा हात जागचा हलेना.

"उचल ना," थोरला म्हणाला. "चार वेळा तुझ्यावर आलंय, आता नाही यायचं. बिनधास्त उचल."

"का नाही यायचं?"

"अगं, किती वेळा येईल?"

"पत्त्यांना काय माहीत, दादा, मी चार वर्षं काय केलं ते? त्यांना नाही आठवत. तुला आठवतं ना? ताई, तुला आठवतं?"

मधलीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"हे बघ, खेळ मोडू नकोस," थोरल्याचा आवाज चढला. "सगळ्यांना सारखाच नियम आहे. मी लबाडी केली का?"

"नाही केलीस. केली असतीस तर निदान तोंडावर बोलता आलं असतं. तू नुसता पत्त्यांच्या मागे लपलास. मी नाही उचलणार. यंदा बाबा तुझ्याकडे, पुढच्या वर्षी ताईकडे."

"हे ठरवणारी तू कोण?"

"चार वर्षं ज्यांना आंघोळ घातली त्यांची मुलगी. तू कोण?"

थोरल्याने टेबलावरचे पत्ते गोळा करायला घेतले. आतून बाबांचा खरखरीत आवाज आला. "कुणावर आलं रे?"

ती दारात जाऊन उभी राहिली. "कुणावरच नाही. तुम्ही दादाकडे चाललात. मी ठरवलं."

बाबांनी पांघरूण बाजूला सारलं. "म्हणजे मी नकोय. सरळ म्हण की."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज खाली आला नाही. "हो, या वर्षी नकोय. दमलेय मी. म्हटलं सरळ."

बाबांनी मान भिंतीकडे वळवली. तिने कपाट उघडून त्यांचे कपडे बॅगेत भरायला घेतले, घड्या मोडतील इतक्या रागाने.

"त्याच्याकडचा चहा पाणचट असतो," भिंतीकडेच बघत बाबा म्हणाले.

"मग सांगा ना त्याला. मला रोज सांगत होतात की!"