मामांच्या मनगटावरची माणसं

माझ्या बायकोच्या मामांइतकी घड्याळं अख्ख्या डोंबिवलीत कुणाकडे नसतील, आणि त्यांच्याइतका उशीरही कुणी करत नसेल. घड्याळं चौदा, सगळी भेट आलेली. "स्वतःचं घड्याळ स्वतःच विकत घेतो, त्याला जगात कुणी नाही असं खुशाल समजावं," असं त्यांनी एकदा घड्याळाच्या दुकानात उभं राहून, दुकानदारालाच सुनावलं होतं. ठाण्याच्या कचेरीतून निवृत्त होताना सहकाऱ्यांनी दिलेलं सोनेरी पट्ट्याचं घड्याळ निरोपसमारंभातली भाषणं संपेपर्यंत तरी नक्की चालू होतं. परदेशातल्या लेकीने पाठवलेलं घड्याळ पावलं मोजतं आणि तासातासाला उठून चालायला सांगतं. मामा त्याला "गप रे, आगाऊ!" म्हणतात आणि कूस बदलतात.

ज्याच्या घरी जायचं त्याचं घड्याळ घालायचं, हा त्यांचा धर्म. त्यामुळे खाली रिक्षा थांबलेली आणि मामा कपाटापुढे उभे, हे दृश्य आम्हाला पाठ झालंय. टिटवाळ्याला एका मुंजीत घड्याळं देणारे दोघे एकाच मांडवात येणार होते, तेव्हा मामा दोन्ही मनगटं सजवून आले. कुणीतरी वेळ विचारली. दोन्ही हात गंभीरपणे पाहून मामा म्हणाले, "सव्वाअकरा किंवा पावणेचार. तुम्हाला सोयीची असेल ती घ्या."

अशा या माणसं जपणाऱ्या माणसाने शहाडच्या सख्ख्या धाकट्या भावाशी मात्र नऊ वर्षं अबोला धरला होता. कारणही तसंच भीषण. पुतण्याच्या लग्नपत्रिकेत मामांचं नाव नवऱ्यामुलाच्या मामाच्या खाली छापलं गेलं होतं! एवढ्यावर राज्यं बुडाली असतील, तिथे भावांचं काय?

गेल्या डिसेंबरात त्या भावाच्या बायकोचा फोन आला. मी तिथेच बसलो होतो. "भावजी, साखरेनं यांची नजर गेली हो. ते स्वतः काही बोलावणार नाहीत. तुम्ही याल?"

मामांनी फोन ठेवला आणि ट्रंकेच्या तळातून मी कधी न पाहिलेलं एक पंधरावं घड्याळ काढलं. भावाने पहिल्या पगारात घेतलेलं. काच तडकलेली, काटे थांबलेले.

"हेच घालतो. त्याला दिसलं पाहिजे."

माझी अक्कल नको तेव्हा तत्पर असते. मी म्हटलं, "मामा, त्यांना आता दिसणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि घड्याळ मनगटावर चढवलं. पट्टा मात्र लागेना. शेवटी मीच लावून दिला.

शहाडला भाऊ खिडकीशी खुर्चीत बसला होता. मामा समोर बसले. चहा येऊन निवला. मग भावाने हात पुढे केला, चाचपडत मामांचं मनगट धरलं आणि अंगठा काचेवरून फिरवला.

"दादा, काच अजून बदलली नाहीस?"

"तूच आपटलं होतंस. तूच बदलून दे."

भाऊ हसायला लागला. मग हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि मामांनी मनगट सोडवून न घेता दुसऱ्या हाताने त्याचे डोळे पुसले. मी आणि त्यांच्या भावजयीने स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा चहा ठेवला.

आता मामा दर गुरुवारी शहाडला जातात. भावाला पेपर वाचून दाखवतात, अग्रलेखावर दोघे मोठ्याने भांडतात आणि नऊ वर्षांत घडलेलं सगळं क्रमवार एकमेकांना सांगतात. परवा मी विचारलं, "झालं का मामा, सगळं सांगून?"

"कसलं, जावईबापू! आत्ताशी त्याच्या नातीच्या बारशापर्यंत आलोय."

मग म्हणाले, "ती तिसरीत गेली."