दांडीची मटकी

"हात दे इकडं," असं म्हणून ती समोरच्या बाईचं मनगट आपल्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या कड्यात धरायची. नमस्कार नाही, नाव-गाव नाही. आधी मनगट. ते किंचित फिरवायची आणि मग चेहऱ्याकडे बघायची. बांगड्या भरणारी बाई हात कसा धरते ते तुम्ही पाहिलं असेल. अगदी तसंच. फक्त हे बांगड्यांचं दुकान नव्हतं, जिम होती.

राहात्यातल्या त्या जिमच्या काउंटरवर मी सकाळी बसते आणि तिथून कॉलेजला जाते. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. वडील कांद्याचा टेम्पो चालवतात. माणसं पैसे देऊन घाम का गाळतात, हे मी त्यांना अजून पटवू शकलेले नाही. माझ्या बी. कॉम.च्या पुस्तकात 'ग्राहकनिष्ठा' असा एक धडा आहे. त्यातल्या व्याख्या मला पाठ आहेत, पण तो शब्द वाचला की मला चाचीच आठवते. म्हणून लिहून बघते. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

चाची हे तिचं नाव नव्हे, पण पेठेतल्या सगळ्या बाया तिला तेच म्हणायच्या. तिचं बांगड्यांचं छोटं दुकान होतं. डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं म्हणून ती जिममध्ये आली. सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी, पायात नवे कोरे बूट. ट्रेडमिलवर उभी राहिली आणि पट्टा सुरू होताच दांडा धरून ओरडली, "अगं, हे पळतंय! मी कुठं पळतेय?"

तेव्हा लेडीज बॅचला मोजक्याच बाया होत्या. पुढे बॅच भरली ती जिमच्या फलकामुळे नव्हे, चाचीच्या दुकानामुळे. बाई बांगड्या भरायला बसली की चाची हात दाबत म्हणायची, "मागच्या सणाला हीच बांगडी सरसर गेल्ती. आता बघ, अडली. सकाळी ये जिमला. मी हाय तिथं." बांगडी मनगटात अडकलेली असताना नाही म्हणणं अवघडच असावं.

बॅचमधली एक पद्धतही तिचीच. ज्या बाईनं दांडी मारली, तिनं सगळ्यांसाठी मोड आलेली मटकी आणायची. व्यायाम झाला की बाया सतरंजीवर गोल बसायच्या. मटकीवर लिंबू पिळलं जायचं आणि आणणारीची उलटतपासणी सुरू व्हायची.

"काय गं, का न्हाई आलीस?"

"पाहुणे होते, चाची."

"पाहुणे झोपलेले असतात त्या टायमाला. खरं सांग."

मग ती बाई खरं सांगायची. कुणाची सासू आजारी असायची, कुणाचं नवऱ्याशी वाजलेलं असायचं, कुणी नुसतीच झोपलेली असायची. झोपलेलीला जास्त हसायच्या. चाचीनं स्वतः मात्र मटकी कधी आणली नाही, कारण तिनं दांडीच मारली नाही. "माझ्या हातची मटकी तुमच्या नशिबात न्हाई," असं ती ऐटीत म्हणायची.

पुढे शिर्डी रोडला मोठी जिम झाली. एसी, भिंतभर आरसे, पहिला आठवडा फुकट. आमच्या जिमचे मालक, आम्ही त्यांना दादा म्हणतो, त्या आठवड्यात रोज दारात उभे राहून रस्त्याकडे बघायचे. आमच्या बाया ती जिम बघून आल्या आणि परत आमच्याकडेच आल्या. वंदनाताई, ज्यांचं किराणा दुकान आहे, त्या म्हणाल्या, "एसी झक्कास हाय. पण दोन दिवस न्हाई गेले, तर कुणी इचारलं पण न्हाई."

दादा खूश झाले. आणि त्या खुशीत त्यांनी एक गोष्ट केली. बायांना मटकी आवडते, असा त्यांनी याचा अर्थ घेतला. मलाही तो बरोबर वाटला होता. त्यांनी मटकी बाहेरून मागवायला सुरुवात केली. रोज काउंटरवर प्लास्टिकच्या वाट्या आणि वर फलक : 'सर्व मेंबर्सना मोफत स्प्राउट्स'.

बाया जाता जाता वाटी उचलायला लागल्या आणि उभ्याउभ्याच खाऊन निघायला लागल्या. सतरंजी गुंडाळलेलीच राहिली. दांडी मारलेली दुसऱ्या दिवशी गुपचूप यायची, तिला कुणी काही विचारायचं नाही. मग ती तिसऱ्या दिवशी येत नसे. हळूहळू बॅच विरळ झाली. दादांनी हिशेब मांडला आणि सांगितलं, पुढच्या महिन्यापासून ही वेळ मुलांच्या बॅचला.

बायांना दुसरी वेळ जमणार नव्हती. पोरांचे डबे आणि दुकानाचं शटर, यांच्या मधला तेवढाच तास त्यांचा होता.

चाची दुसऱ्या दिवशी काउंटरशी आली. वाटी उचलून तिनं दादांसमोर धरली.

"बेटा, ही मटकी कुणाची?"

"जिमची आहे, चाची. घ्या ना, फ्री आहे."

"जिमची? मग जिमनं कधी दांडी मारली?"

मला हसू आलं, पण दादांकडे बघून मी ते आवरलं. चाचीनं वाटी खाली ठेवली. "हात दे इकडं," ती म्हणाली आणि दादांचं मनगट धरलं. त्यांच्या दंडाचा घेर राहात्यात प्रसिद्ध आहे, पण त्या वेळी ते बांगड्या भरायला बसलेल्या नवरीसारखे दिसत होते. "हे बंद कर. एक महिना दे मला. भरली न्हाई बॅच, तर खुशाल दे पोरांना."

फलक निघाला. त्या महिन्यात चाची न येणाऱ्या एकेकीच्या घरी दुकान उघडण्याआधी जाऊन आली. ती फार बोलत नसे, असं वंदनाताई सांगतात. दारातच म्हणायची, "तुझी मटकी राहिलीय." बस. महिना संपायच्या आत सतरंजी पुन्हा अंथरली गेली आणि एक पुरेना म्हणून दुसरी आणली. लेडीज बॅचची वेळ तीच राहिली. शिर्डी रोडच्या जिमनं पुढे आणखी सवलती दिल्या, पण आमच्याकडून कुणी गेलं नाही.

गेल्या वर्षी चाची लेकीच्या बाळंतपणासाठी नेवाशाला गेली. बाळ फार अशक्त होतं, त्यामुळे तिचा मुक्काम वाढत गेला आणि मग ती तिथलीच झाली. पेठेतल्या तिच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. जिममध्ये तिच्याबद्दल मुद्दाम कुणी बोलत नाही. बॅच भरलेली असते.

मध्यंतरी वडील कांदा घेऊन नेवाशाकडे गेले होते. ते येणार असल्याचं मी चाचीला आधीच फोनवर सांगितलं होतं. येताना त्यांनी माझ्या हातात स्टीलचा एक मोठा डबा दिला. "तुमच्या त्या चाचीनं दिलाय. म्हणाली, लई दांड्या झाल्यात." त्यांना यातलं काही कळलं नव्हतं. डब्यात मटकी होती. टेम्पोच्या उष्म्यानं मोड वाजवीपेक्षा लांब झाले होते आणि एकमेकांत गुंतले होते. वंदनाताईंनी ते बोटांनी सोडवले आणि मग लिंबू पिळलं. त्या दिवशी उलटतपासणी झाली नाही.

रिकामा डबा परत कसा पाठवायचा, म्हणून तो अजून काउंटरवरच आहे. त्यात काय भरायचं यावर बायांचं एकमत होत नाही. परवा एका नवीन आलेल्या बाईनं विचारलं, "हा डबा कुणाचा आहे हो?"

"आमच्याच बॅचमधल्या एका बाईचा," वंदनाताई बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाल्या. "सध्या दांडीवर हायेत."