पापडाची लाटी आणि दातांची तार

ब्रेसेससाठी मी पेणहून रोह्याला जायचे. पेणमधला दातांचा दवाखाना आमच्या घरासमोरच होता. तिथल्या बाकावर बसले असते, तर संध्याकाळपर्यंत अख्खी आळी माझ्या तोंडात डोकावून गेली असती.

रोह्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटच्या खाचेतून तार सरकली, तरच दात सरकणार. चिकट खाऊन एखादं ब्रॅकेट निखळलं, तर कॉलेजला ब्रेसेससकट जावं लागेल."

नव्या कॉलेजात मला ब्रेसेस नको होत्या. त्या वर्षी माझं एवढं एकच मागणं होतं.

त्याच उन्हाळ्यात मावशीकडे पोह्याचे पापड निघाले. बायका गोल बसून लाटत होत्या. मावशीने पिठाची कच्ची लाटी तेलात बुडवून माझ्यापुढे धरली.

"खा गो. तेल हाय ना, अडकायची नाय."

तेलाने घर्षण कमी होतं, हे मी शाळेत इंग्रजीतून शिकले होते. मावशी आणि फिजिक्स दोघांचं एकमत झाल्यावर मी कोण नाही म्हणणार?

तेल लगेच घशाखाली गेलं. लाटी मागे राहिली. वर पाणी प्यायले, तर ती आणखी चिकट झाली आणि दोन्ही जबडे एकमेकांना धरून बसले. कोणाला पत्ता लागला नाही, कारण एरवीही मी बोलत नसे.

"उद्यापास्नं रोज लाटायला येशील ना गो?" एकीने विचारलं.

मी मान डोलावली. दुसरं काही करता येत नव्हतं.

"बघा, इंग्लिश शाळेतली हाय, पण नाय म्हणत नाय!"

ते मान डोलावणं मला आठवडाभर पुरलं; रोज पापड लाटायला बसावं लागलं.

रोह्याच्या पुढच्या खेपेला मावशी सोबत आली. डॉक्टरांनी तारेखालून एक कण टोकरून काढला आणि दिव्याखाली धरला.

"पोह्याची की उडदाची?"

"पोह्याची," मावशी म्हणाली. "पण तेल लावून दिलेली. तार सरकली असेल ना?"

"तेल पोटात गेलं. तारेच्या वाट्याला लाळ. तीही कधी तार सरकवते, कधी उलट धरून ठेवते. नशीब, ब्रॅकेट शाबूत आहे."

"कॉलेजच्या आधी निघेल ना सगळं?" मावशीने विचारलं.

"आताच कसं सांगणार?"

मावशीने पिशवीतून डबा काढला. तेलात बुडवलेली लाटी पुढे केली. डॉक्टरही इकडचेच, हातमोजे कधी उतरले, त्यांनाही कळलं नसेल. त्यांचं तोंड नीट भरेपर्यंत मावशी थांबली.

"मग, कॉलेजच्या आधी ना?"

डॉक्टरांनी मान डोलावली.

"चल गो," म्हणत मावशीने मला उठवलं.

अशा मान डोलावण्याला किती अर्थ असतो, ते मला ठाऊक होतं. ते निभवावं लागतं, हेही. दारातून वळून पाहिलं, तर डॉक्टर एक बोट वर करून काहीतरी सांगू बघत होते. मी ब्रेसेस दाखवत हसले आणि दार ओढून घेतलं.