हात सोडला तेव्हा

बारामती एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर ते रोज सकाळी भेटतात. पन्नाशीचे वेल्डर, सगळे तात्या म्हणतात म्हणून मीही, नाव कधी विचारलं नाही. बावडा गावातल्या शेडमध्ये सहा वर्षं खपून त्यांनी स्वतः विमान बनवलं, आणि गेल्या हिवाळ्यात आकाशात त्याची कोलांटी मारायला गेले. ही गोष्ट ते उजव्या पंजाचं विमान करून सांगतात. पंजा चहावरून वर चढतो, उलटा होतो आणि भोवऱ्यासारखा गरगरत बिस्किटांवर कोसळायला लागतो.

"इमानाची दांडी जितकी वडावी तितकं जास्तच फिराय लागलं."

"मग, तात्या?" हे विचारायचं काम माझं.

"मग काय, घाबरून दांडीवरचं हात काढलं अन् डोळं झाकलं. इमान आपलं आपण सरळ झालं! बायको म्हनती, घरातबी जरा हात काढून बगा."

टपरी हसते. मीही दर वेळी हसतो.

"सोडलं म्हनून वाचलो बगा," म्हणत ते पंजा अलगद बाकावर उतरवतात.

त्यांचा डावा हात मात्र तोवर बाकाची कड धरून असतो, नखं पांढरी पडेपर्यंत.