कडी आतून का बाहेरून

माझ्या नावापुढे एम. ए. लागतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मी, आणि हे सांगताना मला कधी लाज वाटली नाही की संकोच. एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. मनीषनगरला स्वतःचा फ्लॅट आहे, दारावर माझ्या नावाची पाटी आहे. पण नात्यातल्या कुठल्याही लग्नात पाय ठेवला की मंडपातून एकच आवाज येतो, ‘आली ढोलकीवाली.’ पाटी, पदवी, नोकरी सगळं बाहेर चपलांजवळ राहतं.

याला कारण टीव्हीवरची एक जोडी.

एक उंच, लांब चेहऱ्याचा पेटीवाला. दुसरा बुटका, गुबगुबीत ढोलकीवाला. दर रविवारी संध्याकाळी ते दोघं यायचे आणि दर रविवारी एकच गाणं म्हणायचे. दूरगावी राबायला गेलेला माणूस घरी परततो, त्याचं गाणं. नदी ओलांडतो, शिवार मागं टाकतो, अंगणातला दिवा त्याला दिसतो, आणि तो दाराशी येतो. उंच माणूस डोळे मिटून, जीव ओतून गायचा. बरोबर दाराशी आला की ढोलकी थांबायची आणि बुटका अगदी मनापासून विचारायचा, ‘कडी आतून का बाहेरून?’

झालं. उंच माणूस खाडकन पेटी मिटायचा आणि वाद सुरू. कडी आतून असेल तर घरात कुणीतरी आहे, मग ते उठून दार का उघडत नाही? बाहेरून असेल तर अंगणात दिवा कुणी लावला? शेजारणीला विचारावं का? शेजारीण या घराशी बोलते का? सगळा वाद गाण्यातच, तालासुरात. दर आठवड्याला नवा वाद. पण गाणं दाराच्या पुढं कधी गेलं नाही. तेवढ्यात वेळ संपायची.

मला त्यांच्यातलं एक फार आवडायचं. बुटका कधी टिंगल म्हणून विचारायचा नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं असायचं. आणि उंच कितीही चिडला तरी उत्तर दिल्याशिवाय राहायचा नाही. शेवटी नावं सरकायला लागली की तो न बघता बुटक्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. तो हात बघायला मी थांबायची.

आमच्या खोलीत तेव्हा एक शिलाई मशीन, एक कूलर आणि एक टीव्ही होता. वडील गांधीबागेतल्या एका व्यापाऱ्याचे परकर शिवायचे. मे महिन्यात व्होल्टेज एवढं पडायचं की कूलर आणि टीव्ही सोबत चालायचे नाहीत. त्या अर्ध्या तासासाठी वडील स्वतः उठून कूलर बंद करायचे. बाहेर गरम वाऱ्याची लू चालू, म्हणून दार बंद, खिडकीवर चादर. आम्ही चौघं, शिवाय ज्यांच्याकडे टीव्ही नाही ते शेजारी. घामानं कपडे अंगाला चिकटलेले, आणि तरी कुणी हलायचं नाही. वडील आठवडाभर मान खाली घालून मशीन चालवायचे. त्यांचे दात मी रविवारीच बघायची.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बहिणी तोच कार्यक्रम करायचो. ताई माझ्यापेक्षा मोठी आणि उंच, म्हणून ती पेटीवाली. शिलाई मशीनचं लाकडी झाकण मांडीवर घ्यायची, तेच तिचं हार्मोनियम. मी पाण्याची रिकामी घागर घेऊन ढोलकीवाली. मग वडील सोमवारीही परकराची नाडी ओवता ओवता हसायला लागले. मग मावशीच्या लग्नात कुणीतरी म्हणालं, करून दाखवा. तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. हळद असो, बारसं असो, वास्तू असो, जेवणाआधी आमचं झाकण आणि घागर निघायची. पुढं घागर जाऊन खरी ढोलकी आली. झाकण मात्र तेच राहिलं.

ताईचा आवाज चांगला होता. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. मशीनवर बसली की ती मधूनमधून काहीतरी गुणगुणायची आणि शेजारच्या बाया वेणीफणी करत आमच्या भिंतीला टेकून बसायच्या. दहावीनंतर ती मशीनवर बसली. मशीनला दुसरा माणूस हवा होता आणि कॉलेजात एकीलाच जाता येणार होतं. लग्नासाठीही ती गाण्यावरच पसंत पडली. मुलाकडच्यांनी तिला एका बारशात बघितलं होतं. भाऊजींचे वडील म्हणाले होते, ‘हसवणारी सून पाह्यजे आमाले.’ सासरीही तेच. तिकडच्या लग्नांत मला खास बोलावणं यायचं, कारण ढोलकीवालीशिवाय पेटीवाली अपुरी.

तर यंदा ताईच्या मुलीचं लग्न निघालं. हळदीच्या आधी एका दुपारी ताई माझ्याकडे आली आणि माझ्या ओट्याजवळ बसून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडायला लागली. काड्या एकीकडे, पानं एकीकडे. थोड्या वेळानं म्हणाली, ‘एक सांगू?’

‘सांग ना वं ताई.’

‘हळदीच्या दिवशी मी गाणं म्हणणार हाव.’

‘ते काय सांगाले पाह्यजे? लोक सोडतीन का तुले?’

‘पुरं म्हणणार हाव. तू मधात बोलू नको.’

मला हसू आलं. ‘पुरं कुठून म्हणशील? दाराच्या पुढं गाणंच नाही.’

‘मी केलं हाय.’

‘काय केलं?’

‘पुढची ओळ. कवाचीच करून ठेवली.’

मी हातातली सुरी ठेवली. इतक्या वर्षांत एका शब्दानं बोलली नव्हती. म्हटलं, ‘म्हणून दाखव.’

‘तिथंच आयकजो.’

‘अन् आताच काहून?’

ताईनं एक पिवळं पान बाजूला टाकलं. ‘पोरगी चालली माही. तिनं आपल्या मायचं एक तरी गाणं पुरं आयकलं पाह्यजे. आजवर तिनं मले फक्त दारावरोक पाह्यलं.’

त्या रात्री फोनवर मी त्या जोडीच्या जुन्या चित्रफिती शोधल्या. कुणीकुणी टाकून ठेवल्या आहेत. चेहरे पुसट झालेत, आवाज घोगरा येतो. बुटक्याचा प्रश्न मात्र तसाच स्वच्छ. वाटलं, निदान शेवटच्या भागात त्यांनी दार उघडलं असेल. जेवढ्या सापडल्या तेवढ्या बघितल्या. कुठंच उघडलेलं नाही. ताईची ओळ खरोखर तिची एकटीची होती.

हळद एका लॉनवर होती. भाऊजींनी माइक घेतला आणि म्हणाले, ‘आता आपल्या घरची टीव्हीवाली जोडी.’ टाळ्या पडल्या. मशीनच्या झाकणाला कुणीतरी हौसेनं झेंडूची माळ बांधली होती. नवरी पिवळ्या साडीत, हाताला हळद, समोर पहिल्या रांगेत. मी ढोलकी घेतली आणि ओठ दाबून बसले. माझं काम सोपं होतं. ताल द्यायचा आणि गप्प राहायचं.

ताईनं डोळे मिटले. रोजच्यासारखं भुवया उडवणं नाही, लांब चेहरा करणं नाही. नदी आली. खुर्च्या सरकवणारी पोरं थांबली. शिवार मागं पडलं तेव्हा स्वयंपाकाकडची बाई हातात झारा घेऊन कनातीपाशी येऊन उभी राहिली. ताईचा आवाज आता पहिल्यासारखा पातळ नाही, थोडा जड झालाय, पण त्या गाण्यातल्या थकलेल्या माणसाला तो शोभत होता. ते गाणं विनोदी नव्हतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. अंगणातला दिवा दिसला. ताई दाराशी आली. मी तोंड उघडलं नाही.

तिनं श्वास घेतला.

मागच्या रांगेतून आमच्या मामांचा आवाज आला, ‘कडी आतून का बाहेरून?’

अख्खं लॉन फुटलं. हसण्याचा लोंढा इकडून तिकडे गेला. ताई थांबली, लोंढा ओसरू दिला, आणि दाराची ओळ पुन्हा म्हटली. आता विचारणारे मामा एकटे नव्हते. ज्या पोरांनी ती जोडी कधी बघितली नाही तीही ओरडत होती. मुलाकडच्या पाहुण्यांनाही प्रश्न पाठ झाला होता. ‘आतून’, ‘बाहेरून’, दोन पक्ष पडले. माझ्याकडे बोट दाखवून एक काकू म्हणाल्या, ‘ढोलकीवाली इसरली वाटते आपलं बोलणं.’

ताईनं तिसऱ्यांदा ती ओळ घेतली. या वेळी तिनं समोर बघितलं, मुलीकडे. मुलगी हसून हसून लाल झाली होती. तिनं हळदीचे हात तोंडाभोवती धरले आणि ओरडली, ‘आई, बाहेरून.’

ताईनं पेटी मिटल्यासारखा झाकणावर खाडकन हात मारला.

पेटी मिटली म्हणजे वाद सुरू. लहानपणापासून माझं अंग त्या आवाजावर चालतं. आणि खरं सांगायचं तर त्या हसण्याच्या मधोमध तिला एकटीला उभं ठेवणं मला जमलं नसतं. मी म्हणाले, ‘बाहेरून असंन तर दिवा कोणं लावला गा?’ ताईनं उत्तर दिलं. मी पुढचा प्रश्न टाकला. आम्ही दोघी जे सुटलो ते सुटलो. नंतर लोक सांगत होते, इतका रंगला नव्हता कधी. मुलाच्या आईनं ताईला मिठी मारली आणि म्हणाली, ‘तुमच्या घरात कोणी रडतच नसंन.’

पाहुणे जेवायला गेले तेव्हा ताई झाकणावरची माळ सोडत बसली होती.

‘ताई, मी नाही विचारलं.’

‘माहीत हाय. चूप होती तू. आयकलं मी.’

‘मामांनी बोलाले नव्हतं पाह्यजे.’

‘मामा नसते तर दुसरं कोणी असतं. आता विचारायले तुही गरजच नाही राह्यली.’ तिनं माळ गुंडाळली. ‘पोरगीबी ओरडली ना वं. तिले काय माहीत.’

‘तिले सांगून टाक. घरी बसून म्हण तिच्यासमोर.’

‘घरी म्हणून काय करू? घरी तर रोजच म्हणतो मी मशीनवर, तिच्या आवाजात कोणाले आयकू येत नाही.’

दुसऱ्या दिवशी त्रिशरण-पंचशील झालं, लग्न लागलं, मुलगी सासरी गेली. निघताना ताई रडली नाही. सगळे म्हणाले, ही कुठली रडते, ही हसवणारी.

परवा तिचा फोन आला. मुलीच्या सासरी येत्या रविवारी रिसेप्शन आहे. विहीणबाईंनी गळ घातली होती, जोडी पाहिजेच. म्हटलं, नाही म्हणायचं होतंस. एकदा तरी नाही म्हणून बघू.

‘पोरीचं सासर हाय. नाही कसं म्हणू?’ ताई म्हणाली. ‘पण मी अट घातली. पेटी तू घे. ढोलकी माह्याकडं.’

‘मले गाता येते का वं?’

‘दारावरोक तर यायचं हाय. येशील हळूहळू. एवढं शिकली तू.’

‘माहा आवाज आयकून लोक उठून जातीन.’

‘नाही जात. ते मी बोलायची वाट पाहत बसतीन. आजवर तुही पाहत होते तशी. मजा असते त्यात, मले आता समजलं.’

मी विचारलं, ‘बरं, ती पुढची ओळ तरी सांग. म्हणजे मले पुरं येईन.’

‘तुले काहाले पाह्यजे?’ ताई म्हणाली. ‘तिथवर मी जाऊच देणार नाही तुले.’

आणि ती हसली. मुलीचं लग्न ठरल्यापासून तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं.

काल तिनं भाचीच्या दिरासोबत झाकण पाठवून दिलं. वडिलांच्या मशीनच्या तेलाचा वास अजून त्याला आहे. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी स्वयंपाकघराचं दार लावून, झाकण मांडीवर घेऊन बसते आहे. सूर लागत नाही. तरी नदी ओलांडून झाली, शिवार मागं पडलं, दिवाही दिसायला लागला आहे.