मोरपिसांची छाटलेली टोकं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा हा विषय टाळते — आणि देवाला तर ठाऊकच असणार, मग टाळते ते कुणासाठी? तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलणं त्यातल्या त्यात सोपं. पण लगेच मुद्द्यावर येईन असं समजू नका. तेवढी हिंमत असती तर ही वेळच आली नसती.

डोळखांबच्या पुढे आमचं गाव. मी तिथल्या महिला बचत गटाची सेक्रेटरी. अजूनही आहे, कुणी काढलं नाही, मीही सोडलं नाही. बारावी झालेली सून त्या वेळी गावात मी एकटीच, त्यामुळे कुठलाही कागद आला की तो माझ्याकडे. रेशनचा असो, कोर्टाचा असो, ‘ताई, वाचा गो’ म्हणत बाया ओटीवर येऊन बसायच्या. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

गावाच्या वरच्या अंगाला ठाकरांचा पाडा आहे. तिथली सोमीबाई आमच्या गटात होती. वयानं माझ्या आईएवढी, पण ती मला ताई म्हणायची आणि मी तिला नुसतं सोमी. आमच्याकडे असंच चालतं. ते बरोबर की चूक, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

भाद्रपदाच्या सुमारास मोरांची पिसं गळतात. सोमी ती रानातून वेचून आणायची. कुठल्या ओहोळाला मोर बसतात, कुठल्या टेकाडावर नाचतात, सगळं तिला पाठ. मोर आपनहून टाकतो ते आपलं, म्हणायची, त्याच्या अंगाला हात लावायचा नाही. त्या पिसांचे आम्ही पंखे करायचो, देव्हाऱ्यात ठेवायच्या जुड्या बांधायचो. यात बेकायदा काही नव्हतं. गळलेलं पीस आपल्या देशात विकता येतं. परदेशी पाठवायला मात्र बंदी आहे, आणि मोर मारून काढलेलं असेल तर थेट तुरुंग. हे मला वनखात्याच्या एका बैठकीत कळलं. ओळखायचं कसं, तेही तिथेच हातात देऊन दाखवलं होतं — गळलेल्या पिसाचं टोक कोरडं, पांढरं असतं. उपटलेल्याच्या टोकाला रक्त असतं. म्हणजे एवढा मोठा कायदा, तो उभा नखाएवढ्या टोकावर. आणि हे आमच्या गावात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

मग मुरबाडकडचा एक व्यापारी यायला लागला. जिभेवर साखर असलेला माणूस. त्याच्यामुळे आमचा माल मुंबईच्या प्रदर्शनात गेला, तालुक्याला माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फोटो — आणि मी आधीच हरभऱ्याच्या झाडावर चढायला तयार. पुढच्या खेपेला तो स्वतःच पिसांचे दोन गठ्ठे घेऊन आला. म्हणाला, तुमच्यात मिसळा, कात्रीनं टोकं छाटून एकसारखी करा, आणि प्रत्येक जुडीला गटाची चिठ्ठी लावा. चिठ्ठीवर लिहायचं होतं, ‘नैसर्गिकरीत्या गळलेली पिसे’, आणि खाली वेचणारीचं नाव.

मी गठ्ठा सोडला. टोकांवर काळपट लाल काहीतरी वाळलेलं होतं. एका पिसाला तर कातडीचा तुकडा होता.

तुम्ही म्हणाल, विचारलं नाहीस? विचारलं की. तो म्हणाला, चिखल असेल ताई. जन्म भाताच्या खाचरात गेला माझा — मला चिखल कळत नाही होय? पण मी म्हणाले, हो, चिखलच असेल.

ती पिसं मी घरात बसून एकटीनं छाटली. मग मनात आलं, एवढीच छाटली तर वेगळी दिसतील. म्हणून सोमीची पिसंही छाटली, सगळीच्या सगळी. तुकडे चुलीत घातले तेव्हा केस जळल्यासारखा वास आला. चिठ्ठ्या लिहिल्या, आणि वेचणारीचं नाव म्हणून प्रत्येकीवर लिहिलं — सोमीबाई. दुसऱ्या कुणाचं लिहिणार? वेचायची तर तीच. नंतर सगळी पिसं गोणीत भरून तिच्याच घरी दिली, जुड्या बांधायला. तिनं विचारलं नाही, ताईनं छाटली का म्हणून. ताईनं केलं म्हणजे काही कारण असेल.

पुढे परदेशी निघालेली काही खोकी बंदरात अडवली गेली. कागदावर बांबूच्या टोपल्या. वर टोपल्या होत्याही, खाली आमच्या जुड्या, चिठ्ठ्यांसकट. व्यापाऱ्याचा फोन बंद लागायला लागला. त्यानं कुणाच्या नावानं माल पाठवला, ते अजून कुणाला धड कळलेलं नाही. नाव होतं ते एकच, माझ्या वळणदार अक्षरातलं.

वनखात्याची गाडी आली तेव्हा मला आधी बोलावलं. मीच त्यांना पाड्यावर घेऊन गेले. सोमीच्या अंगणात नाचणी वाळत होती. आतून गोणी बाहेर आली, तिच्यात उरलेली पिसं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं मूठभर पिसं उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाला, टोकं असती तर बाईला मी इथेच सोडलं असतं. मग त्यानं विचारलं, टोकं कुणी छाटली?

सोमीनं माझ्याकडे बघितलं. घाबरून नाही हो — शाळेतल्या पोरानं बाईंकडे बघावं तसं, की आता ताई सांगतील.

मी म्हणाले, “ह्या बाया अशीच छाटून आणतात, साहेब. आम्ही विश्वासावर घेतो.”

आणि सोमी म्हणाली, “ताई सांगतात तं तसंच असंल.”

झालं. एवढंच. दोन वाक्यं माझी, एक तिचं. तिला वाटलं, शिकलेली बाई आहे, आपल्याला वाचवायलाच असं बोलली असेल. गाडीत चढताना तिनं मला हळूच विचारलंसुद्धा, “बरोबर बोलली ना मी?” मी मान हलवली.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, आणि लोक त्यात कायद्याला नावं ठेवतात. मी कोणत्या तोंडानं ठेवू? कायद्यानं खरंखोटं ओळखायची खूण ठेवली होती, ती मी कात्रीनं उडवली. सोमीला जामीन मिळेपर्यंत तिची भातकापणी बुडाली. ठाकरांच्या घरात हिरवा देव असतो, मोरपिसांची जुडीच ती, तिलाच पूजतात. पंचनाम्यात तीही गेली. तुरुंगापेक्षा तिला त्याचं जास्त लागलं. आपला देव कुठल्याशा खोलीत गोणीत पडलाय, त्याला कुणी दिवा दाखवत असेल का, हे ती मला प्रत्येक तारखेला विचारायची. हो, तारखांना मी तिच्यासोबत जाते. गावात म्हणतात, ताईचं मन मोठं आहे.

मध्यंतरी मी एका वकिलाला गाठलं. एका ओळखीच्या बाईचं असं असं झालंय, म्हणून सांगितलं. तो म्हणाला, त्या बाईनं आता तोंड उघडलं तर तीही आरोपी होईल; टोकं जळाली, व्यापारी सापडत नाही, म्हातारी सुटेलच याचा भरवसा नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला? मला हायसं वाटलं. हे लपवत नाही — हायसं वाटलं. वनखात्याच्या कचेरीतही एकदा गेले, बाकावर बसले, साहेबाची बदली झाली असं कळलं, उठून आले. नव्या साहेबाला सांगता आलं नसतं का? आलं असतं.

गेल्या तारखेला आम्ही शहापूरच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. सोमीला आता थोडं विसरायला होतं. तिला कोर्टाकडून फुकट मिळालेल्या वकीलबाईनं एकच वाक्य पढवलं होतं: पिसं मी छाटली नाहीत, एवढंच म्हणायचं. ती ते पुटपुटत होती. मग थांबली. बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिली.

“ताई, मीच छाटली असतील काय गो? मला तं आता कायच आठवत नाय.”

खरं काय ते जगात दोघींनाच ठाऊक होतं, आणि त्यातली एक आता विसरत चालली होती.

“असतील, सोमी,” मी म्हणाले.

“मंग तसंच सांगते,” ती म्हणाली. पुकारा झाला तेव्हा माझाच हात धरून उठली. आत जाऊन तिनं तसंच सांगितलं.